पारदच्या पाटलाचा मुलगा : अक्कलकोटचे पहिले राजे फत्तेसिंह भोसले

सोलापुराच्या आग्नेयीस सुमारे बारा कोसांवर अक्कलकोट हे गाव आहे. तेथे मराठी व कानडी ह्या दोन्ही भाषा एकाच बाजारात सारख्या चालतात. आज दूरदूरचे लोक स्वामी समर्थांचे स्थान म्हणून ह्या गावी येतात. परंतु सन 1948 पर्यंत ते एका संस्थानाच्या राजधानीचे गाव होते, आणि ते संस्थान शिपाईगिरीवर उभारलेले होते. तेथील राजवाड्याच्या शस्त्रागारात तलवारी, भाले, कट्यारी व बंदुका इतक्या मांडलेल्या आहेत की, पाहणारास वाटावे, ह्या घराण्याचा मूळ पुरुष हत्यार घेऊनच जन्मास आला असेल. वस्तुस्थिती अगदी निराळी आहे. हा पुरुष इतिहासात आपणांस प्रथम दिसतो तो एक पोरके मूल म्हणून. त्याचा बाप नुकताच मारला गेला होता, आणि त्यास मारणाऱ्यांच्या पुढाऱ्यासमोर त्याच्या आईने त्याला आणून ठेविले होते.

ही हकीकत नीट समजावी म्हणून आधी दुसऱ्या एका मुलाची हकीकत सांगितली पाहिजे. सन 1689 मध्ये औरंगजेब बादशहाच्या हुकुमाने संभाजी महाराजांचा वध झाला. त्याच वर्षी रायगड मोगलांच्या हाती पडला आणि संभाजी महाराजांची राणी येसूबाई व त्यांचा मुलगा शाहू हे कैद होऊन बादशहाच्या छावणीत गेले. शाहूचे वय तेव्हा अवघे सात वर्षांचे होते. ज्या बादशहाने बापाचा जीव घेतला त्याच्याच तंबूंच्या सावलीत हा मुलगा सुमारे अठरा वर्षे वाढला. तेथे त्याचे अगदीच हाल झाले असे मात्र नाही. बादशहाची मुलगी झीनतुन्निसा हिने ह्या मायलेकरांवर ममता केली, असे इतिहासकार सांगतात. शत्रूच्या घरी राहणे म्हणजे काय, आणि शत्रूच्या घरातही कोणी मायेने विचारपूस करणारे भेटले म्हणजे काय वाटते, ह्या दोन्ही गोष्टी शाहूस लहानपणीच ठाऊक झाल्या.

सन 1707 मध्ये औरंगजेब अहमदनगरास मरण पावला. त्याचा मुलगा आझमशहा ह्याने उत्तरेकडे जाताना शाहूंस मोकळे केले. परंतु येसूबाईंस ओलीस म्हणून ठेवून घेतले. त्या माउलीची सुटका व्हावयास सन 1719 उजाडले. शाहू थोड्याशा मंडळींनिशी दक्षिणेकडे निघाले. इकडे राजाराम महाराजांची राणी ताराबाई आपल्या मुलाच्या नावाने राज्य चालवीत होती. तिच्या पक्षाने असे उठविले की, येणारा हा पुरुष खरा शाहू नसून कोणी तोतया आहे. त्यामुळे वाटेवरील पाटील, देशमुख व ठाणेदार ह्यांपुढे मोठे कोडे पडले. खऱ्या धन्यास अडविले तर राजद्रोह, आणि खोट्यास वाट दिली तरीही राजद्रोह!

औरंगाबाद, ज्यास आता छत्रपती संभाजीनगर म्हणतात, त्या बाजूस पारद नावाचे गाव होते. तेथील पाटिलकी लोखंडे घराण्याकडे होती. शाहूंची मंडळी तेथे आली असता गावकऱ्यांनी त्यांस अडविले. लढाई झाली व तीत पाटील पडला. जिंकलेल्या गावाचे त्या काळी काय होत असे हे सांगावयास नको. इतक्यात पाटलाची विधवा आपले मूल घेऊन पुढे आली, तिने ते शाहूंपुढे ठेविले आणि अभय मागितले. मुलाचे नाव राणोजी होते.

शाहूंनी ते मूल उचलून घेतले. इतकेच नव्हे, तर त्यास आपल्याजवळच ठेवून मुलाप्रमाणे वाढविण्याचे ठरविले. स्वदेशी परत येताना मिळालेला हा पहिलाच विजय, म्हणून मुलाचे नाव बदलून फत्तेसिंह असे ठेविले. ज्या लढाईत बाप गेला, तिच्या फत्तेची आठवण मुलाच्या नावात जन्मभर राहिली, हे जरा कठोर वाटते खरे. देणाऱ्याच्या मनात तसा भाव नसेल. तरी ते नाव कोणी मोठ्याने हाकारले म्हणजे पारदच्या त्या बाईच्या कानांस ते कसे लागले असते, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

पवित्र शास्त्र वाचणारास येथे मफीबोशेथाची आठवण होईल. शौलाचे घराणे बुडाल्यावर दावीद राजाने त्याच्या लंगड्या नातवास शोधून काढिले आणि राजपुत्रांप्रमाणे आपल्या पंक्तीस बसविले. परंतु दावीदाने योनाथानाशी शपथ केली होती. मफीबोशेथ हा त्याच्या जिवलग मित्राचा मुलगा होता. शाहूंवर असे कोणतेही बंधन नव्हते. पाटील त्यांचा मित्र नव्हता, नातलग नव्हता, किंवा त्याचे त्यांच्यावर काही उपकार झाले होते असेही नाही. त्यांची स्वतःची गादी अजून मिळावयाची होती व पुढे ताराबाईंशी लढाई होती. अशा वेळी पराक्या मुलाचे लोढणे कोण गळ्यात बांधून घेईल? आमच्या समजुतीप्रमाणे ह्याचे उत्तर रायगड पडल्याच्या त्या दिवसात आहे. आपणही एकदा असेच कोणापुढे उभे केले गेलो होतो, हे ते विसरले नव्हते.

सन 1708 च्या जानेवारीत शाहू महाराजांस साताऱ्यास राज्याभिषेक झाला. त्यांच्या वाड्यात विरूबाई नावाची एक कर्तबगार स्त्री होती. ती मोगलांच्या छावणीतील दिवसांपासून महाराजांबरोबर असे. तिचा दर्जा लग्नाच्या राण्यांचा नव्हता. पण वाड्याचा सारा कारभार तिच्या शब्दाने चाले. तिनेच फत्तेसिंहांस मुलाप्रमाणे वाढविले, आणि पुढे ती वारली तेव्हा तिचे उत्तरकार्यही पुत्राच्या नात्याने फत्तेसिंहांकडे आले. लोखंडे हे आडनाव जाऊन भोसले हे आडनाव आले. शिवाजी महाराजांच्या कुळाचे नाव एका गावच्या पाटलाच्या मुलास मिळावे, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. आमच्या मंडळ्यांतही नवे नाव घेतलेले व जुन्या घरास अंतरलेले पुष्कळ जण आहेत. नवे नाव पहिल्या दिवशी मिळते, परंतु ते आपले वाटावयास वर्षे लागतात, हे त्यांस कोणी सांगावयास नको.

सन 1712 च्या सुमारास महाराजांनी फत्तेसिंहांस अक्कलकोट व त्याभोवतालचा मुलूख दिला. येथून अक्कलकोट संस्थानाचा आरंभ होतो.

असा मुलूख देण्याचा अर्थ काय हे थोडे सांगितले पाहिजे. महाराजांच्या खजिन्यातून प्रत्येक शिपायास रोख पगार देणे शक्य नव्हते. म्हणून सरदारास गावे तोडून देत. त्या गावांचा वसूल त्याने घ्यावा, त्यातून घोडेस्वार व शिपाई बाळगावे आणि हुजुरातून बोलावणे येताच ते घेऊन हजर व्हावे. ह्यास सरंजाम म्हणत. दसरा झाला, पावसाळा सरला, म्हणजे फौजा बाहेर पडत आणि पुढला पाऊस जवळ आला म्हणजे माघारी येत. सन 1719 मध्ये दिल्लीच्या बादशहाकडून दक्षिणेच्या सहा सुभ्यांवरील चौथाई व सरदेशमुखी ह्यांच्या सनदा मिळाल्या. चौथाई म्हणजे वसुलाचा चौथा हिस्सा, सरदेशमुखी म्हणजे त्यावर आणखी दहावा हिस्सा. कागदावर हक्क मिळाला. तो वसूल करणे हे फौजेचे काम झाले. तेव्हा सरदाराच्या घोड्याचा दाणा घरी असला म्हणजे आपल्या कुणब्याच्या शेतातून येई व मुलूखगिरीवर असला म्हणजे दुसऱ्याच्या कुणब्याच्या शेतातून. वेशीबाहेर राहून गावाची चाकरी करणाऱ्यांच्या वाट्यास त्या शेतातून काय उरे, ते आमच्या वाचकांच्या आजोबा-पणजोबांस चांगले ठाऊक होते.

शिपाईगिरीवर उभारलेली राज्ये दुसऱ्या देशांतही होऊन गेली आहेत. त्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध म्हणजे ग्रीस देशातील स्पार्टा. प्रेषित पौलाने ज्या करिंथ शहरात मंडळी स्थापिली, त्याच्या दक्षिणेस हे नगर होते, आणि पौलाच्या पूर्वी काही शतके साऱ्या ग्रीस देशास त्याचा धाक असे. तेथे एकाच वेळी दोन घराण्यांतील दोन राजे राज्य करीत. त्यांच्यासह तीस जणांची वृद्धांची सभा असे. आणि दरवर्षी निवडलेले पाच अधिकारी राजांवरही नजर ठेवीत. मुलगा सात वर्षांचा झाला की त्यास आईपासून काढून इतर मुलांबरोबर ठेवीत व उपास, थंडी आणि मार सोसण्याची सवय लावीत. मोठेपणीही नागरिकाने शेत नांगरावयाचे नाही की व्यापार करावयाचा नाही. लढणे व लढण्याची तयारी करणे, हाच त्याचा धंदा. मग त्यांस खावयास कोण घाली? हेलट नावाचे लोक. त्यांपैकी बहुतेक शेजारच्या मेसीनिया प्रांताचे जिंकलेले रहिवासी होते. ते पिढ्यान्‌पिढ्या आपल्याच जमिनीवर दास होऊन राबत. तेथील अधिकारी दरवर्षी ह्या दासांविरुद्ध युद्ध पुकारीत, ते अशासाठी की, त्यांपैकी कोणास मारल्यास मारणाराच्या माथी खुनाचे पाप येऊ नये! एकदा तर लढाईत ज्यांनी पराक्रम केला त्यांस मोकळे करू, असे सांगून सुमारे दोन हजार हेलट निवडून काढिले, त्यांच्या डोक्यांवर माळा घालून त्यांस देवळांभोवती फिरविले, आणि नंतर ते कोठे गेले व कसे मेले हे कोणास कळले नाही. थुसिडिडीज नावाच्या ग्रीक इतिहासकाराने ही गोष्ट लिहून ठेविली आहे.

मुलांविषयीही तेथे एक चाल होती, असे प्लूटार्क नावाचा जुना ग्रंथकार सांगतो. मूल जन्मले की ते वृद्धांपुढे नेऊन ठेवीत. ते अशक्त किंवा व्यंग असलेले दिसले तर त्यास डोंगरावरच्या खोल जागी टाकून देत. हे कितपत खरे ह्याविषयी अलीकडील विद्वानांस शंका आहे. परंतु परक्याच्या मुलास स्पार्टाचे नागरिक करून घेणे ही गोष्ट तेथे जवळजवळ अशक्य होती, ह्यात शंका नाही. दार असे लावून घेतल्याने शुद्ध नागरिकांची संख्या घटत गेली. ख्रिस्तपूर्व 371 मध्ये ल्यूक्ट्रा येथे त्यांचा मोड झाला, लौकरच मेसीनियाचे दास स्वतंत्र झाले, आणि त्या राज्याचा दरारा गेला तो गेलाच. ॲरिस्टॉटल लिहितो की, नागरिकांची संख्या हजाराच्याही खाली आली होती.

साताऱ्याचे राज्य काही स्पार्टा नव्हते. कुणबी वतनदार होता, दास नव्हता, आणि शेतकऱ्याचा मुलगा घोडा व भाला मिळवून सरदारही होऊ शके. तरी हत्यारवंताने बसून खावे आणि राबणाराने त्याचा दाणागोटा पुरवावा, हा भाग दोहींकडे होता. फरक दाराचा होता. एका ठिकाणी वृद्धांपुढे ठेविलेले आपलेच मूल टाकून देत. दुसऱ्या ठिकाणी समोर ठेविलेले शत्रूचे मूल राजाने घरात घेतले.

आता फत्तेसिंहांच्या स्वाऱ्यांकडे वळू. सन 1725 मध्ये महाराजांनी कर्नाटकावर मोठी फौज पाठविली. बाजीराव पेशवे, श्रीपतराव प्रतिनिधी, सुलतानजी निंबाळकर सरलष्कर असे नामांकित पुरुष तीत होते. आणि सर्वांवर मुख्य म्हणून तरुण फत्तेसिंह होते. ही फौज चित्रदुर्गापर्यंत गेली. दुसऱ्या वर्षी पुन्हा स्वारी होऊन ती श्रीरंगपट्टणापर्यंत पोहोचली. खंडणी मिळाली, पण इकडे मोठ्या फौजा दूर गेल्या आहेत असे पाहून निजामाने स्वराज्यात उपद्रव मांडला, आणि तो मोडण्यास बाजीरावांस सन 1728 मध्ये पालखेडची प्रसिद्ध मोहीम करावी लागली. सन 1733 मध्ये जंजिऱ्याच्या सिद्दीवर बाजीराव व फत्तेसिंह मिळून गेले. किनाऱ्यावरील काही ठाणी हाती आली, परंतु समुद्रातील तो किल्ला काही मिळाला नाही.

खरे सांगावयाचे तर फत्तेसिंह हे बाजीरावांच्या तोडीचे सेनापती नव्हते. मुख्यपणाचा मान त्यांचा असे. डावपेच बहुधा दुसऱ्याचे असत. महाराजांचे मूल म्हणून त्यांस पुढे केले जाई, आणि तेही महाराजांच्या शब्दाखातर जात. त्या काळच्या सरदारांत आपापले राज्य मांडण्याची जी घाई होती ती पाहता, फत्तेसिंहांचा स्वभाव आम्हांस तरी बरा वाटतो.

त्यांची सर्वांत मोठी मोहीम सन 1740 ची. ह्या वेळी बरोबर नागपूरचे रघूजी भोसले होते. फौज थेट अर्काटच्या नवाबाच्या मुलखावर चालून गेली. मे महिन्यात दमलचेरीच्या घाटात लढाई झाली व नवाब दोस्तअली मारला गेला. नवाबाची बेगम मुलाबाळांसह पळाली आणि समुद्रकाठी पाँडिचेरीच्या वेशीशी येऊन आश्रय मागू लागली. तेथील फ्रेंच गव्हर्नर द्युमा ह्याने दरवाजा उघडून त्यांस आत घेतले. पुढे नवाबाचा जावई चंदासाहेब ह्याची बायकोमुलेही तेथेच राहिली. रघूजी भोसल्यांनी ती माणसे आपल्या हवाली करावी म्हणून धाकदपटशा केला, पण द्युमाने ऐकिले नाही.

वाचकहो, येथे थोडे थांबावेसे वाटते. तेहतीस वर्षांपूर्वी पारद येथे पाटील पडला आणि त्याची बायको मूल घेऊन पुढे आली. आता नवाब पडला होता आणि त्याची बेगम मुले घेऊन दुसऱ्याच्या दारी उभी होती. फरक इतकाच की, पारदचे ते मूल आता जिंकणाऱ्यांच्या बाजूस हत्तीघोड्यांनिशी उभे होते. ज्यास दया मिळाली त्याच्याच नावाने चाललेल्या फौजेपासून दुसऱ्या एका आईस पळावे लागले. ह्यासाठी एकट्या फत्तेसिंहांस बोल लावणे बरोबर नाही. शिपाईगिरीचे राज्य ज्या रीतीने चाले त्याच रीतीने ते चालले. घरात आलेल्या मुलावर माया करणे एका मनाचे काम आहे. परंतु ती माया राज्याच्या वसुलात व मुलूखगिरीत उतरविण्याची कोणतीही सोय त्या व्यवस्थेत नव्हती.

त्याच किनाऱ्यावर, कावेरीच्या मुखाजवळ, तरंगमबाडी येथे त्या वेळी तमिळ ख्रिस्ती लोकांची एक मंडळी होती. सन 1706 मध्ये त्सीगेनबाल्ग व प्लूट्शौ हे दोन मिशनरी तेथे उतरले होते. तमिळ भाषेतील नवा करार सन 1715 पर्यंत तेथेच छापून झाला होता, आणि सन 1733 मध्ये आरोन नावाच्या तमिळ उपदेशकास पाळकपणाची दीक्षा मिळाली होती. फौजा त्या मुलखात फिरत असता आरोन पाळक खेड्याखेड्यांतून उपासना चालवीत होते. साताऱ्याहून आलेल्या शिलेदारांस ह्याची वार्ताही नसेल. इतिहासाच्या मोठ्या पुस्तकांतही ह्या दोन गोष्टी एका पानावर सहसा सापडत नाहीत.

सन 1741 च्या मार्चात त्रिचनापल्लीचा किल्ला पडला. चंदासाहेब कैद झाला. त्यास ठार न मारता मराठ्यांनी सुमारे सात वर्षे कैदेत ठेविले व सन 1748 मध्ये सोडिले. त्रिचनापल्लीचा बंदोबस्त गुत्तीचे मुरारराव घोरपडे ह्यांजकडे दिला. ह्या विजयाने फत्तेसिंहांचे नाव फार गाजले.

शाहू महाराजांस पुत्र राहिला नाही. त्यांचे शेवटचे दिवस वारसाच्या चिंतेत गेले. एवढ्या प्रेमाने वाढविलेला पुत्र जवळ असता गादी त्यास का दिली नाही, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर हेच की, भोसले हे नाव देणे महाराजांच्या हाती होते, रक्त देणे नव्हते. आणि गादीसाठी लोकांस शिवाजी महाराजांचे रक्त पाहिजे होते. येवढ्यापुरते साताऱ्याचे दारही बंदच होते. ताराबाईंनी रामराजा ह्यांस आपला नातू म्हणून पुढे केले व त्यांची निवड झाली. सन 1749 च्या 15 डिसेंबरास शाहू महाराज वारले. पुढच्याच वर्षी ताराबाईंनी हा आपला खरा नातू नव्हे असे म्हणून रामराजांस साताऱ्याच्या किल्ल्यात अडकवून ठेविले! ज्या बाईच्या पक्षाने एकदा शाहूंस तोतया म्हटले होते तिनेच आपण आणलेल्या वारसासही तोतया ठरवावे, हे पाहून हसावे की रडावे कळत नाही. गादीसाठी आणि गादीभोवती ही ओढाताण चालली असता फत्तेसिंह साताऱ्याहून निघून आपल्या अक्कलकोटास जाऊन राहिले. ज्यांच्यामुळे सातारा हे त्यांचे घर होते ते महाराज आता नव्हते.

तेथे त्यांनी सुमारे दहा वर्षे काढिली व सन 1760 मध्ये, पानिपतच्या संहारापूर्वी थोडे दिवस, ते मरण पावले. त्यांच्या संस्थानाने पुढे सन 1820 मध्ये इंग्रजांशी तह केला. घोडेस्वार पुरविण्याची जुनी अट काही वर्षे चालली. सन 1868 मध्ये स्वारांच्या ऐवजी दरसाल 14,592 रुपये द्यावे असे ठरले.

फत्तेसिंहांसही पोटचा मुलगा नव्हता. वारस निवडण्याची वेळ आली तेव्हा त्यांनी पारदकडे पाहिले, आणि तेथील लोखंडे घराण्यातीलच एक मुलगा दत्तक घेतला. त्याचे नाव शहाजी. त्याने सन 1789 पर्यंत अक्कलकोटास राज्य केले.